तारीख राहू दे, आईच्या पाटल्यांचं बोल

बाळा,

तुझा व्हॉइस मेसेज रात्री पावणेदोनला आलेला, मी पहाटे नळाच्या वेळेला उठले तेव्हा बघितला. आधी घागरी न् बॅरल भरून घेतले, आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी पाणी येतंय, ते चुकलं की झालं कल्याण, आणि मग चहा घेऊन बसून दोनदा ऐकला. सात मिनिटांचा मेसेज आणि त्यातली सहा मिनिटं त्या कन्व्हेन्शनमधल्या पाहुण्या उपदेशकांची, की त्यांनी स्टेजवरून विचारलं ज्यांना आपल्या तारणाची, म्हणजे देवानं पापातून सोडवल्याची, तारीख ठाऊक आहे त्यांनी हात वर करा, आणि तुझा हात काही वर गेला नाही, आणि ते म्हणाले तारीख नाही तर तारण नाही. शेवटच्या एका मिनिटात, मागं उद्यमबागेतल्या कारखान्यातलं मशीन घरघरतंय आणि तू एकदम हळू आवाजात सांगतोयस की रमीच्या अ‍ॅपमध्ये पैसे गेले, आईच्या पाटल्या तिला न सांगता गोल्ड लोनला ठेवल्यास, आणि दोन महिने झाले तू चर्चमध्ये प्रभुभोजन, ती भाकरी न् प्याला, घेतलेलं नाहीस.

मला विचारशील तर ते शेवटचं मिनिटच खरा मेसेज आहे. पण तारखेचं आधी उरकून घेते, नाहीतर तू तिथंच अडकून बसशील.

आपण मेथॉडिस्ट लोक, त्यामुळं आपला पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीची तारीख सगळ्यांना पाठ, २४ मे १७३८, रात्री पावणेनऊच्या सुमाराला लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका छोट्या सभेत कुणीतरी धर्मसुधारक ल्यूथरचं, बायबलातल्या रोमकरांस पत्रावरचं लिखाण वाचत होतं आणि ह्या माणसाचं मन आतून ऊबदार झालं. छान. पण तो तेव्हा चौतीस वर्षांचा होता, पाळक होऊन दहा वर्षं होत आली होती, अमेरिकेत मिशनरी म्हणून जाऊन हात हलवत परत आला होता. आणि आपल्या पंडिता रमाबाई घे, जन्म १८५८ चा, आपल्याच कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला, मराठीचं तर बोलूच नको, हिब्रू-ग्रीक शिकून आख्खं बायबल मराठीत आणलं बाईनं. बाप्तिस्मा १८८३ ला इंग्लंडमध्ये झाला. आणि त्यांनी स्वतःच पुढं लिहून ठेवलंय की मला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, तो मिळायला अजून आठेक वर्षं गेली. आता सांग, तारीख कुठली धरायची? आणि येशूचा शिष्य पेत्र, त्याची कुठली? जाळी टाकून येशूच्या मागं गेला तो दिवस, का तूच ख्रिस्त आहेस म्हणाला तो, का मी येशूला ओळखत नाही म्हणाला आणि कोंबडा आरवल्यावर बाहेर जाऊन रडला तो? शुभवर्तमान लिहिणाऱ्यांना कुणाला हा प्रश्न पडलेला दिसत नाही. ज्यांना तारीख आहे त्यांच्याबद्दल मला आनंदच आहे, पण ती मोजपट्टी करून पोरांच्या उरावर ठेवायची नसते. माझी स्वतःची तारीख नाही. सांगते पुढं.

आता माझा विषय. तुला ठाऊक आहे मी एकतीस वर्षं क्रेडिट सोसायटीत सोनेतारणाच्या टेबलावर काढली. बायका पदराआडून डबी काढायच्या, सराफ कसोटीच्या दगडावर घासून बघायचा, खडे-लाख वजा करून निव्वळ वजन धरायचं, शंभराची वस्तू असली तर पंचाहत्तरच्या वर द्यायचं नाही, पावती करायची, पिशवीला सील मारून तिजोरीत. आणि रविवारी चर्चला जाऊन तोच शब्द, तारण, तारण, तारण. खूप वर्षं माझ्या डोक्यात हे दोन्ही एकच होऊन बसलेले, आणि मला वाटतं मराठी ख्रिस्ती माणसाच्या डोक्यात ते थोडंफार तसं असतंच. म्हणजे देवाकडून काहीतरी हवंय ना, मग आपलं काहीतरी त्याच्या तिजोरीत ठेवा. उपास ठेवा, कमाईचा दशांश ठेवा, क्वायरच्या प्रॅक्टिसला पाऊस असो काही असो वेळेत जाणं ठेवा. आणि हप्ता चुकला की नोटीस येणार, मग लिलाव. तू दोन महिने प्रभुभोजनाच्या वेळी मागच्या बाकावर बसून राहतोस ते त्या नोटिशीच्या भीतीनंच की नाही?

पण बायबलात बघ, सोनं ठेवणारे आपण नाहीच. आपण त्या पिशवीतला दागिना आहोत, सील मारलेला, स्वतःहून बाहेर येता न येणारा. दागिना कितीही चांगला वागला म्हणून तिजोरीतून सुटत नाही बाळा, एकतीस वर्षांत मी तरी बघितला नाही. मालकाला यावं लागतं पैसे घेऊन. पेत्र आपल्या पहिल्या पत्रात अगदी हेच म्हणतो, की तुम्ही सोनं-रुपं असल्या नाशवंत वस्तूंनी नाही सुटला, ख्रिस्ताच्या मोलाच्या रक्तानं सुटला. आणि इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो ते तुला संडेस्कूलमध्ये मीच पाठ करून घेतलंय, कृपेनेच, विश्वासाच्या द्वारे, आणि हे तुमच्या हातून झालं असं नाही, देवाचं दान आहे. तेव्हा तुला पेपरमिंट मिळायची पाठ म्हटल्यावर, त्यामुळं दानाचा अर्थ तिथंच बिघडला असेल, ती चूक माझी.

मला कारकुनाची सवय, म्हणून मी एकदा आमच्या जुन्या पाळकबाबांना विचारलेलं की ख्रिस्तानं रक्त देऊन आपल्या सुटकेची खंडणी भरली म्हणता, मग पावती कुणाच्या नावावर फाडली? ते हसले आणि म्हणाले बाई, हे भांडण चौथ्या शतकापासून चाललंय, न्यासाचा बिशप ग्रेगरी म्हणायचा सैतानाला दिली, त्याच्याच काळचा नाझियांझचा ग्रेगरी म्हणायचा छे, दरोडेखोराला कसली खंडणी द्यायची, आणि अकराव्या शतकात अन्सेल्म नावाचा धर्मपंडित आला तो म्हणाला देणं सैतानाचं नव्हतंच, देवाचंच होतं, आणि फेडलंही देवानंच माणूस होऊन. मला शेवटचं पटलं. ज्याचं देणं त्यानंच पदरचं घालून खातं बंद केलं, असा धनको मी बघितला नाही कधी. आणि ते झाल्यावर वर परत विसार देऊन ठेवला, इफिसकरांच्या पहिल्याच अध्यायात शब्द आहे बघ, विसार, पवित्र आत्म्याला विसार म्हटलंय. आपण प्लॉटला इसार देतो ना, तोच. इसार दिलेला माणूस व्यवहार मोडत नाही, मोडला तर त्याचंच नुकसान. तुझ्या बाजूनं इसार दिलेला नाही, देवाच्या बाजूनं दिलाय. रात्री पावणेदोनला तुला झोप येत नाही, पाटल्या आतून टोचतायत, ते टोचणंही मी त्याच इसाराच्या खात्यात धरते.

तुझ्या त्या कॅथलिक मित्रानं सांगितलेलं, की आमच्यात कर्मंही लागतात तुमच्यात नुसता विश्वास, ते फार ताणू नका दोघं. १९९९ साली कॅथलिक आणि ल्यूथरनांनी औग्सबुर्गला बसून संयुक्त कागदावर सह्या केल्यात की देवाकडून आपला स्वीकार कृपेनंच होतो, आपल्या लायकीनं नाही, आणि २००६ ला आपले मेथॉडिस्टही त्यात आले. साडेचारशेहून जास्त वर्षं भांडून. तुम्ही चहाच्या टपरीवर परत नव्यानं कशाला सुरू करताय.

आता तुला राग येईल असं एक बोलते. उधळ्या पुत्राची गोष्ट तू स्वतःवर लावून घेतलीयस, मेसेजमध्ये दोनदा म्हणालास. बापाकडून वाटा घेऊन उडवणारा तो धाकटा, तसे तूही पैसे उडवले म्हणून. पण मला तू त्यातला थोरला भाऊ जास्त वाटतोस. थोरला आठवतो ना, शेतातून आला, धाकटा परत आला म्हणून चाललेल्या गाण्या-वाजवण्याचा आवाज ऐकला आणि अंगणातच उभा राहिला, आत जाईना. आणि बापाला काय म्हणाला, इतकी वर्षं तुमची चाकरी केली, तुमची आज्ञा मोडली नाही, मला साधं करडू दिलं नाही कधी. घरातच राहून वही लिहीत होता तो! बापाच्या घरात नोकर म्हणून राहिला. तुझ्या मेसेजमध्ये पण ते वाक्य आहे, दहा वर्षं क्वायरमध्ये आहे मावशी आणि तरी देवानं मला त्या अ‍ॅपपासून वाचवलं नाही. बघ. करडू मागतोयस तू. आणि बाप दोघांसाठीही घराबाहेर आला, धाकट्यासाठी पळत आणि थोरल्यासाठी विनवण्या करत, आणि थोरला शेवटी आत गेला का नाही ते येशूनं सांगितलंच नाही, तसंच सोडून दिलं.

माझंही खातं असंच होतं. आई आजारी होती तेव्हा दवाखान्याच्या पॅसेजमध्ये बसून मी देवाशी रीतसर सौदा केलेला, तिला वाचव, मी अमुक करीन तमुक सोडीन. आई गेली. मी चर्चला जायची थांबले नाही कारण पेटी मीच वाजवायची, पण प्रार्थना बंद, कितीतरी महिने, तोंडानं आमेन आणि आत काही नाही. आणि मग एक दिवस, कुठला ते खरंच आठवत नाही, भांडी घासताना लक्षात आलं की मी केव्हापासून देवाशी भांडतेय, मोठ्यानं, आईच्या भाषेत, अर्धं मराठी अर्धं कन्नड. आई तशीच प्रार्थना करायची, सुरुवात कन्नडमध्ये देवरे म्हणून आणि पुढचं गाऱ्हाणं मराठीत. त्या दिवशी मी मागत काही नव्हते, सौदा नव्हता, नुसतं बोलणं होतं, आणि कुणीतरी ऐकतंय असं वाटलं. बस एवढंच. ह्याला साक्ष म्हणून स्टेजवर कोण उभं करणार.

तेव्हा तू विचारतोस देवाशी नातं बांधायचं म्हणजे नेमकं काय करायचं, तर मी बोल म्हणेन, आणि तुझ्या बोलीत बोल. उपासनेतली ती हे कृपाळू सर्वसमर्थ वगैरे भाषा सुंदर आहे, मला आवडते, पण तू मित्राला काय करूलास म्हणून फोन करतोस आणि देवापुढं गेलास की एकदम सरकारी अर्ज लिहायला लागतोस. पौल म्हणतो आपण अब्बा, बापा अशी हाक मारतो. अब्बा हा येशूच्या घरातला अरामी शब्द, आणि आपल्या भागात कन्नड घरातलं पोरगं बापाला अप्पा म्हणतंय, किती जवळ आहे बघ. राग आला असला तर राग बोल, स्तोत्रसंहितेत तेराव्या स्तोत्राची सुरुवातच हे परमेश्वरा, कोठवर अशी आहे, आणि ८८ वं तर शेवटपर्यंत अंधारातच संपतं, तरी ते बायबलमधून कुणी काढून टाकलं नाही.

आणि रोज. आपल्याला बेळगावात पाणी साठवायची सवय लागलीय, आलं की सगळी भांडी भरून ठेवा, पाच दिवस पुरवा. रविवारचं तसं करू नकोस. इस्राएल लोकांना देवानं रानात रोज खायला मान्ना दिला तेव्हा ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी ठेवला त्याच्यात किडे पडले. पाच मिनिटं चालतील, बसस्टॉपवर चालतील, मार्कचं शुभवर्तमान घे, सगळ्यात छोटं, सोळा अध्याय, दिवसाला अर्धा अध्याय वाच आणि जे कळलं नाही ते त्यालाच विचार. आणि ते अ‍ॅप आजच काढून टाक, प्रार्थना करून नव्हे, बोटानं. आणि एकट्यानं नको लढू, त्या मित्राला सांग, आठवड्याला विचारत जा म्हणावं.

प्रभुभोजनाचं. तू म्हणतोस अयोग्य रीतीनं खाल्लं तर दोष लागेल म्हणून घेत नाही. करिंथकरांच्या पत्रात ते आहे, बरोबर, पण पुढचं वाक्य वाच, माणसानं आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं. खावं म्हणतो तो. परीक्षा करावी आणि मागच्या बाकावर बसावं असं लिहिलेलं नाही. दोन महिने परीक्षाच चाललीय तुझी, रिझल्ट लागलाय, आपण पापी आहोत, ये पुढं.

आता पाटल्या. जक्कयाची, झाडावर चढलेल्या त्या लुबाडणाऱ्या जकातदाराची, गोष्ट क्रमानं वाच. येशू झाडाखाली थांबतो आणि म्हणतो आज मला तुझ्या घरी उतरायचंय, तोवर जक्कयानं एक पैसा परत केलेला नाही, तोंडातून एक शब्द काढलेला नाही. मग घरी आल्यावर तो उभा राहतो, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट. आणि आज ह्या घराला तारण मिळालं म्हणतो येशू. पाहुणा आधी, फेड नंतर, पण फेड आहे. माफी मिळाली म्हणून आईला सांगायची गरज नाही असलं स्वस्तातलं मी तुला शिकवलेलं नाही.

पैसे मी देणार नाही. फुकटच्या कृपेवर एवढं पानभर लिहून ही बाई हात आखडता घेते म्हणशील, म्हण. मी गुपचूप भरले तर पाटल्या कपाटात परत जातील आणि आईला कधीच कळणार नाही, आणि तू तिच्या हातचं जेवताना दरवेळी खाली मान घालशील. तिला कळू दे. रडेल, चिडेल, दोन दिवस बोलणार नाही. ती तुझी आई आहे, सराफ नाही.

गुरुवारी ये, नळ येऊन गेल्यावर, साडेदहापर्यंत. पावती घेऊन ये, मूळ पावती, मोबाईलमधला फोटो नको, व्याज कसं लावलंय आणि मुदत कधी संपतेय ते बघते, ह्या कागदांत बारीक अक्षरात काय काय घातलेलं असतं ते मला ठाऊक आहे. पगारातून महिन्याला किती जाईल ते लिहून काढू. मग दोघं मिळून तुझ्या घरी जाऊ, मी दारापर्यंत येईन, आत बोलायचं तू. येताना खडेबाजारातून आईसाठी कुंदा बिंदा काही घेऊ नकोस, उगीच लाच दिल्यासारखं दिसतंय.

तुझी,
मावशी