लेकराच्या डोळ्यांवरचा बटाटा

प्रश्न : मुलाला नीटमध्ये 720 पैकी 138 पडले. त्याला लातूरला रिपीटर बॅचला घालायचं आहे. चार महिने झाले, तो हायवेवरच्या एका गॅरेजात वेल्डिंग करतो, फीला तेवढाच हातभार. पोरगा कष्टाळू आहे. रात्री डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपतो, पण कुरकुर नाही. आमच्या ट्रकची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, चिरली आहे. घरचाच कारागीर असताना बाहेर पैसे कशाला घालायचे, म्हणून तीही त्यालाच जोडायला सांगितली आहे. त्याच्या डोक्यात आयटीआयचं खूळ आहे, ते काढा आणि चांगली बॅच सांगा. (एक पालक, ता. गेवराई, जि. बीड)

नमस्कार.

बॅचचं राहू द्या. तुमच्या पत्रात मी बटाट्यापाशीच अडकलो.

तुम्ही ते कौतुकानं लिहिलंय. दादा, ती कष्टाची खूण नाही, डोळा भाजल्याची आहे. ठिणगीच्या लखलखाटातल्या अतिनील किरणांनी बुबुळावरचा पारदर्शक पडदा पोळतो. त्या वेळी काही कळत नाही. सहा-आठ तासांनी, मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग सुरू होते. गॅरेजात सगळ्यांनाच ‘लागतं’, म्हणून कोणी मनावर घेत नाही. याचा सरळ अर्थ असा की लेकराला धड काळ्या काचेचा हेल्मेट कोणी दिलेला नाही, किंवा टाका धरताना तो उघड्या डोळ्यांनी बघतोय. चार महिन्यांत हे त्याला ना उस्तादानं सांगितलं, ना तुम्ही विचारलं.

आणि वर चासी! नीटची फी त्याच्या वेल्डिंगमधून हवी, ट्रकची दुरुस्ती त्याच्या वेल्डिंगमधून हवी, फक्त त्यानं वेल्डर म्हणवून घ्यायचं नाही. हा कुठला न्याय?

जाड वेल्डिंग मारलं, वरून पट्टी ठोकली की चासी पहिल्यापेक्षा पक्की झाली, असं आपल्याकडे सर्रास मानतात. तसं होत नाही. चासीचे लांब चॅनल जास्त ताकदीच्या पोलादाचे असतात आणि रस्त्यावर ते थोडे लवतात, लवायलाच हवेत. वेल्डिंगच्या आचेनं टाक्याच्या शेजारचं लोखंड बदलतं आणि पुढची चीर बरोबर तिथेच, टाक्याला लागून पडते. पट्टी सरळ कापून बसवली तर सगळा ताण तिच्या कडेवर जमतो. जाणता माणूस आधी बघतो की चीर पडली कशानं : जादा माल, की ढिली झालेली पाट्याची (स्प्रिंगची) ब्रॅकेट. मग चीर जिथे संपते तिथे छोटं भोक पाडून तिची वाढ रोखतो, ग्राइंडरनं खाच काढतो, 7018 या जातीची कोरडी वेल्डिंगची काडी वापरतो, पट्टीची टोकं निमुळती ठेवतो. चॅनलच्या वरच्या-खालच्या पाकळीवर आडवा टाका मारत नाही. बॅटरी सोडतो, नव्या गाडीत ईसीएमचे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचे, प्लग काढतो, वेल्डिंग मशीनचं अर्थिंग टाक्याच्या जवळच लावतो. डिझेलची टाकी आणि ब्रेकचे हवेचे पाइप आधी बाजूला करतो. ठरावीक जागी चीर असेल तर कंपनी वेल्डिंगला हातच लावू देत नाही, तो भाग बदलायलाच लावते.

हे वाचून आता मुलाला शिकवायला बसू नका. चार महिन्यांच्या हातानं भंगारातल्या पट्ट्यांवर सरळ टाके घालावेत, फार तर फाळक्याचा कोयंडा जोडावा. कोयंडा तुटला तर ऊस सांडेल. चासीचं तसं नाही. हंगामात तुमच्या ट्रकवर तोडीची टोळी बसून जात असेल, पोराबाळांसकट. वाटेत टाका सुटला तर जन्मभर स्वतःला दोष कोण देत बसेल? तुम्ही नाही, तो. ट्रक कंपनीच्या वर्कशॉपला लावा, खर्च सोसा.

आता करिअर. नीट पुन्हा देता येते, प्रयत्नांना मर्यादा नाही. पण मुलाला ती द्यायची आहे, असं तुमच्या पत्रात एकही वाक्य नाही. आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा असतो, आठवी पास मुलालाही प्रवेश मिळतो. तुमचा तर बारावी झालेला आहे, ड्रॉइंग वाचायला त्याला जड जाणार नाही. पुढे अ‍ॅप्रेंटिसशिप, मग वाळूज, शेंद्रा, जालन्याचे कारखाने. ज्या लातूरला त्याला क्लासला धाडताय, तिथेच हरंगुळला रेल्वेच्या डब्यांचा कारखाना आहे. डिसेंबर 2020 मध्ये तिथून पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. तो सांगाडा जोडला जातो तो वेल्डिंगनंच. तिथे नोकरी ठेवलेली आहे असं मी म्हणत नाही. पण याला खूळ म्हणू नका.

हा निर्णय त्याच्याशी बोलून, सावकाश घ्या. डोळ्यांचं मात्र उद्या सकाळीच बघा. डॉक्टरांकडे न्या, आणि ते बरं म्हणेपर्यंत गॅरेज बंद. बटाटे भाजीला ठेवा.