यॉर्कीचे केस घरीच कापायचे असतील तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा आठ महिन्यांचा यॉर्कशायर टेरियर ग्रूमरच्या टेबलावर उभा केला की लटलट कापतो, म्हणून आता घरीच केस कापायचे ठरवलेत आणि कात्री कुठली घ्यावी असं विचारलंत. कात्रीचं सांगते, पण शेवटी. आधी कंगवा घ्या. एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट दात असलेला, धातूचा. माझ्या कुत्रीला, भिंगरीला, घरी सांभाळताना नव्वद टक्के काम याच कंगव्याने केलंय.

आठवा महिना तसा कठीणच. पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे केस येण्याचा हा काळ. दोन्हींची सरमिसळ झाली की सकाळी विंचरलेलं संध्याकाळी पुन्हा गुंततं. तुमचं काही चुकत नाहीये, पुढे हे कमी होतं. तोवर रोज दहा मिनिटं द्या. रविवारी एकदम तासभर बसू असं ठरवलंत तर तो तास दोघांनाही नकोसा होईल.

विंचरताना बहुतेकांची एक चूक होते, माझीही व्हायची. ब्रश वरवर फिरतो, पाठ कशी चमकायला लागते, आणि खाली कातडीलगत गाठी तशाच राहतात. त्यासाठी एका हाताने केस वर उचलून धरायचे, खालून एकेक पातळ थर सोडायचा आणि भांगासारखी कातडीची रेघ दिसली की तिथून टोकाकडे विंचरायचं. अगदी कोरड्या केसांवर नको, ते तुटतात. पाण्यात थोडं कुत्र्यांचं कंडिशनर मिसळून हलकासा फवारा मारा. कानामागे, काखेत, जांघेत आणि पट्ट्याखाली जास्त बघा, गुंता तिथेच दडतो. दाट दातांची बाजू मुळापासून टोकापर्यंत कुठेही न अडता गेली, की झालं.

गाठ सापडली तर बोटांनी फाडत फाडत तिचे दोन-तीन भाग करा, चिमूटभर कॉर्नफ्लॉर चोळा, मूळ चिमटीत धरा म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि टोकाकडून सोडवत या. गाठीखाली कात्री घालायची नाही. हे मी अनुभवाने सांगतेय. भिंगरी लहान असताना न विंचरताच तिला आंघोळ घातली. पाण्याने गाठी आवळून पार नमद्यासारख्या झाल्या. काखेतली एक काही केल्या सुटेना, म्हणून कात्री चालवली. गाठ वर ओढली की पातळ कातडीही तिच्याबरोबर वर येते, हे तोवर माहीत नव्हतं. दोन टाके पडले आणि पुढचे कित्येक महिने कात्री दिसली की ती पलंगाखाली. अगदीच सुटत नसेल अशी गाठ केस कापायच्या मशीनने, ते कातडीला समांतर धरून काढावी किंवा सरळ पशुवैद्याकडे न्यावं.

म्हणजे क्रम असा: आधी पूर्ण विंचरणं, मग आंघोळ, मग वाळवणं, आणि मग कापणं. शाम्पू कुत्र्यांचाच घ्या, आपला त्यांच्या कातडीला मानवत नाही. टी ट्री तेल मात्र बिलकूल नको, ते कुत्र्यांना विषारी असतं. टॉवेलने खसाखसा पुसू नका, दाबून पाणी टिपा, नाहीतर सगळा गुंता पुन्हा पहिल्यापासून.

टेरियर म्हटलं की मेलेले केस बोटांनी उपटायचा सल्लाही तुम्हाला कोणीतरी देईल. हँड स्ट्रिपिंग म्हणतात त्याला. ते केर्न, बॉर्डर, नॉरफोक अशा राठ केसांच्या टेरियरसाठी. त्यांना सतत मशीन लावलं तर केसांचा राठपणा जातो आणि रंगही फिका पडतो. यॉर्कीचे केस आपल्यासारखे, एकपदरी, रेशमी आणि वाढत राहणारे. आतली लोकर जवळपास नसतेच. त्याला उपटू नका, कापा.

आता कात्री. एक गोल टोकाची छोटी, डोळ्यांच्या कडेसाठी आणि पंजांच्या गादीमधल्या केसांसाठी. एक लांब सरळ, बाकी अंगासाठी. पोटाखाली आणि शेपटीखाली मशीन बरं, 10 नंबरचं ब्लेड लावून. ते केस साधारण दीड मिलिमीटर ठेवतं. ब्लेड चालता चालता तापतं, म्हणून दर काही मिनिटांनी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. चटका बसला तर थांबा.

नखांचं विचारलं नाहीत, पण ती राहून जातात. काळ्या नखात रक्ताची शीर दिसत नाही, त्यामुळे कणाकणाने कापा. कापलेल्या भागाच्या मध्यभागी काळसर ठिपका दिसला की पुढे जायचं नाही.

राहिली त्याची भीती. आठवडाभर काहीच कापू नका. घसरणार नाही अशा चटईवर त्याला उभं करा, पंजा हातात घ्या, खाऊ द्या, सोडा. मशीन दुसऱ्या खोलीत नुसतं चालू ठेवा, पुन्हा खाऊ. खाऊ म्हणून पीनट बटर देणार असाल तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) नाही ना, ते वाचून घ्या. कुत्र्यांना ते घातक असतं. टेबलावर ठेवलात तर एक हात कायम त्याच्या अंगावर हवा, फोन वाजला तरी. एवढ्याशा कुत्र्याचा पुढचा पाय टेबलावरून उडी मारूनही मोडतो.

आणि एका दिवसात सगळं उरकायचं नाही. आज पुढचे पाय, उद्या मागचे, चेहरा त्याला झोप आलेली असेल तेव्हा. मधले दोन दिवस तो उंदरांनी कुरतडल्यासारखा दिसेल. त्याला काही फरक पडत नाही, आणि तुमचं कुठे चुकलं असेल तर केस वाढतातच.