अण्णांना सांगायचं की नाही?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही सोलापूरचे, अक्कलकोट रोडला राहतो. माझे सासरे अण्णा, वय ६८, सगळं आयुष्य चादरीच्या कारखान्यात लूमवर गेलं. त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, लिव्हरपर्यंत गेलाय, डॉक्टर म्हणाले आता केमो नको घरी न्या. दीर आणि आत्याबाई म्हणतात त्यांना अजिबात सांगायचं नाही, खचतील, अल्सर आहे म्हणून सांगा. परवा अण्णा मला म्हणाले, सूनबाई, गड्ड्याच्या जत्रेला सिद्धेश्वराचे नंदीध्वज बघायला जायचंय, तोवर बरा होईन ना? मी होहो म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. सासूबाई भाकरी कुस्करून बळंच भरवतात, त्यावरून रोज भांडण. डॉक्टरांनी दुखण्यावर मॉर्फिन लिहून दिलंय पण दीर देऊ देत नाहीत, सवय लागेल म्हणतात. मी सून, मी किती बोलायचं? काय करू सांगा की.

उत्तर : अगं, अण्णांना बहुतेक कळलेलंच आहे. वजन उतरलंय, पोटातनं पाठीत कळ जाते, केमो बंद झाली, आणि अल्सरवाल्या माणसाला बघायला अख्खं गणगोत येत नाही हे लूमवर सुताचा धागा तुटला की आवाजावरनं ओळखणाऱ्या माणसाला समजत नसेल असं मला तरी वाटत नाही. गड्ड्याचं त्यांनी उगीच नाही विचारलं, किती दिवस आहेत ते विचारलं, आणि तेही मुलाला नाही तर तुला, म्हणजे तू पळणार नाहीस असं त्यांना वाटतंय. आता तेही तुमच्यासाठी नाटक करणार आणि तुम्ही त्यांच्यासाठी, आणि एका घरात सगळे एकेकटे. मला हे आजारापेक्षा वाईट वाटतं, खरं सांगते.

म्हणून काय लगेच रिपोर्ट वाचून दाखवायचा नाही हं. त्यांनी परत विचारलं की शेजारी बस आणि म्हण, अण्णा, तुम्हाला काय वाटतंय? मग गप्प राहायचं, हे फार अवघड असतं, आपण लगेच धीर द्यायला जातो. ते म्हणाले मला काही ऐकायचं नाही, तर नाही सांगायचं, तो त्यांचा हक्क. विचारलं तर मात्र खोटं नको. बरं होणार नाही असं दिसतंय पण दुखू देणार नाही आणि एकटं सोडणार नाही, एवढं पुरतं. हे नवऱ्याने बोललेलं बरं, तू सोबत बस, आणि आधी दिराला डॉक्टरांसमोर बसव, कारण सुनेचं ऐकत नाहीत ते डॉक्टरचं ऐकतात, आपल्याकडे असंच आहे काय करणार. आणि नंदीध्वज जानेवारीतच निघतात, पण देवदर्शनाला तोवर वाट कशाला, तब्येत बरी असेल त्या दिवशी रिक्षा करून सिद्धेश्वराला नेऊन आणा.

सासूबाईंना सांग, जेवत नाहीत म्हणून आजार वाढत नाहीये, आजारामुळे भूक गेलीय. दोन चमचे ताक प्यायले तरी पुष्कळ. भरवण्याऐवजी सासूबाईंना अण्णांचे पाय चेपायला बसवा, काहीतरी केल्याचं समाधान त्यांनाही लागतं ना.

अण्णा बोलते झाले तर व्हेंटिलेटर हवा की नको तेही विचारून ठेवा. सुप्रीम कोर्टाने २०१८ ला असं आधीच लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला (लिव्हिंग विल) मान्यता दिलीय, २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी चालतो.

आणि मॉर्फिन आजच सुरू करा. कॅन्सरच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसमध्ये घेतलं तर व्यसन लागण्याची भीती फार कमी असते, आणि ६८ वर्षांच्या माणसाला या अवस्थेत सवयीची भीती घालून कळा सोसायला लावणं मला पटत नाही, दिराला माझं नाव सांगून सांग. गोळी वेळेवर द्यायची, दुखायला लागेपर्यंत थांबायचं नाही. पहिले दोनतीन दिवस गुंगी येते, मग कमी होते, फारच झोपाळले किंवा श्वास मंद वाटला तर डॉक्टरांना फोन करायचा. पोट हमखास धरतं, म्हणून पोट साफ व्हायचं औषध सोबत लिहून घ्या. मॉर्फिन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही, तेव्हा चार दिवसांच्या गोळ्या उरल्या की हॉस्पिटलात माणूस पाठवायचा.