गावात ट्रॅक नाही आणि बहिणीला स्टीपलचेस करायचंय, आंतरराष्ट्रीय स्पर्धेपर्यंत तयारी होते का?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बहीण १६ वर्षांची, गाव दारव्ह्याकडचं, जवळपास ट्रॅक नाही, भारताची स्टीपलचेस धावपटू पारुल चौधरी हिची रेस मोबाईलवर पाहून तिनं अंगणात खाट आडवी करून त्यावरून उड्या मारणं सुरू केलं, आई ओरडून राहिली, आणि तुम्हाला विचारायचंय की इथून मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेपर्यंत तयारी होते का अन् सुरुवात कशानं करायची. होते. पण पहिले ती खाट उचलून ठेवा.

मी यवतमाळ जिल्ह्यातच एका शाळेत पीटीची मॅडम आहे, कॉलेजात असताना विद्यापीठाकडून स्टीपलचेस धावली, आता सकाळी माझ्याकडे अकरा-बारा पोरी येतात, बहुतेक पोलीस भरतीच्या ८०० मीटरसाठी, दोघी मात्र लांब पल्ल्याच्या. तेवढ्या अनुभवावरून लिहितेय.

खाट का नको तर ही शर्यत उड्यांची दिसते पण आहे धावण्याची. ३००० मीटर, त्यात २८ साधे बॅरियर, म्हणजे आडवे जाड पक्के अडथळे, आणि ७ वॉटर जंप, म्हणजे पुढं पाण्याचा खड्डा असलेले बॅरियर, म्हणजे ३५ वेळा ओलांडायचं. मुलींसाठी बॅरियरची उंची ७६.२ सेंटिमीटर. हर्डलला पाय लागला की हर्डल पडतं, हे पडत नाही, एकेक बॅरियर ८० ते १०० किलोचं असतं, आपणच पडतो. आता टायमिंग बघा. जागतिक विक्रम केनियाच्या बीट्रिस चेपकोएचचा, २०१८ मध्ये मोनॅकोला ८ मिनिटं ४४.३२ सेकंद. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये बहरीनची विनफ्रेड यावी ८:५२.७६ मध्ये जिंकली. २०२५ च्या टोकियो वर्ल्ड चॅम्पियनशिपसाठी थेट पात्रतेची वेळ होती ९:१८. आपल्या पारुलनं त्याच वर्षी कोरियात गुमीला एशियन चॅम्पियनशिपमध्ये ९:१२.४६ काढून सिल्व्हर घेतलं, तो राष्ट्रीय विक्रम. म्हणजे किलोमीटरला ३ मिनिटं ४ सेकंद, तेही सलग तीन किलोमीटर अन् मधात ३५ अडथळे. तुमच्या गाडीच्या मीटरवर पांदण रस्त्यानं एक किलोमीटर मोजा आणि बहिणीला एकदा जोरात पळू द्या, कुठं पोचायचंय ते तिलाच कळेल. घाबरवायला नाही सांगत, आकडा डोळ्यासमोर असला की मेहनतीला दिशा येते.

याच पारुलनं २०२२ मध्ये साधी ३००० मीटर, अडथळ्यांशिवाय, ८:५७.१९ मध्ये धावली होती. दोन्हींत फरक पंधराएक सेकंदांचा. वर्षं वेगळी आहेत हे खरं, पण मला त्यातून एवढंच दाखवायचंय की पहिले सपाट धावणं तयार लागतं, मग अडथळे त्यावर बसतात. हांगझोऊ एशियाडला तिनं स्टीपलचेसचं सिल्व्हर घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी ५००० मध्ये शेवटच्या काही मीटरमध्ये जपानच्या मुलीला मागं टाकून गोल्ड मारलं. ते गोल्ड बॅरियरवरून उड्या मारून नाही आलं.

आणि आपल्या महाराष्ट्राचीच ललिता बाबर. माण तालुक्यातलं मोही गाव, सातारा जिल्हा, पाण्याची बोंब तिथंही आपल्यासारखीच. आधी खो-खो, मग मॅरेथॉन, आणि स्टीपलचेसमध्ये नाव झालं २०१४ नंतर, वय तेव्हा पंचविशीत. इंचॉन एशियाडला ब्राँझ, २०१५ ला आशियाई विजेती, रिओ ऑलिम्पिकच्या हीटमध्ये, म्हणजे पहिल्या फेरीत, ९:१९.७६ काढून फायनलला आणि फायनलमध्ये दहावी. पी. टी. उषानंतर ऑलिम्पिकच्या वैयक्तिक ट्रॅक शर्यतीच्या फायनलला पोचलेली पहिली भारतीय बाई. तुमची बहीण १६ ची आहे, म्हणजे तिच्याकडे वेळच वेळ आहे, फक्त तो वाया नको जायला. आणि वेळ वाया कुठं जातो माहिती आहे का? बॅरियरवर नाही जात, ताटात आणि रक्तात जातो.

माझंच सांगते. एकोणीस वर्षांची होती, रोज दोन टाइम प्रॅक्टिस, आणि मला शिकवणाऱ्या सरांनी सांगितलं वजन कमी कर, हलकी झाली की पळशील. मी रात्रीची भाकर बंद केली. पाळी थांबली, सात महिने आली नाही, तर सर म्हणाले बरं झालं, कटकट गेली, अन् मलाही तेच बरं वाटलं कारण घरी कोणाशी बोलायची सोय नव्हती. मग नडगी दुखायला लागली. आधी फक्त पळताना, मग चालताना, मग रात्री झोपेतही, बोटानं दाबलं तर एकाच जागी कळ यायची, रुपयाएवढ्या जागेत. मी तेल चोळून पळत राहिली. शेवटी एमआरआय झाला तेव्हा हाडाला चीर निघाली. ते वर्ष गेलं आणि नंतर मी पुन्हा आधीच्या टायमिंगला कधीच पोचली नाही. खाणं कमी आणि पळणं जास्त झालं की शरीर पहिले पाळी बंद करतं आणि मग हाडं कच्ची होतात, हे मला तेव्हा एकाही माणसानं सांगितलं नाही. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोरीच्या वहीत टायमिंगच्या बाजूला पाळीची तारीख असते. तीन महिने चुकली की प्रॅक्टिस बंद आणि डॉक्टर. तुम्ही भाऊ आहात, बहीण तुम्हाला हे सांगणार नाही, आईला किंवा वहिनीला मधात घ्या, पण हा विषय घरात निघालाच पाहिजे.

उद्याच्या उद्या ग्रामीण रुग्णालयात नेऊन रक्त तपासा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर कितीही पळवा, पोरगी दमणार, अन् लोक तिला आळशी म्हणणार. जमलं तर फेरिटिनही करा, म्हणजे शरीरात लोहाचा साठा किती ते कळतं, हिमोग्लोबिन बरं दिसतं आणि साठा रिकामा असतो असं पोरींत लय होतं. शाळेतली लोहाची निळी गोळी ती घेते की दप्तरात ठेवते हेही विचारा. आणि सिकलसेलची टेस्ट विसरू नका, आपल्या विदर्भात ती करायलाच पाहिजे. नुसती वाहक असेल तर पळणं बंद नाही होत, पण तापत्या उन्हात, कमी पाण्यावर, दमलेली असताना पुन्हा पुन्हा जोराचे रिपीट मारले तर जिवावर बेतू शकतं. माहिती असेल तर सांभाळता येतं, म्हणून माहिती पाहिजे.

खायला काही भारी लागत नाही. ज्वारीची भाकर, वरण, अंबाडीची नाहीतर मेथीची भाजी, वरून लिंबू पिळायचं म्हणजे लोह नीट लागतं, जेवणाला लागून चहा नाही. प्रॅक्टिस झाल्याबरोबर फुटाणे-गूळ नाहीतर शेंगदाणे, मग दूध, चालत असेल तर रोज दोन अंडी. घरात पहिले कोण जेवतं आणि पोरीच्या वाट्याला काय उरतं ते एकदा तुम्ही स्वतः बसून बघा.

आता धावणं. पांदण रस्ता तुमचा ट्रॅक. डांबरापेक्षा माती बरी, फक्त पावसाळ्यात काळी माती चपलेला चिकटून पाय मणाचा होतो, तेव्हा शाळेचं मुरमाचं मैदान धरा. आठवड्यात तीन-चार दिवस सावकाश, इतकं सावकाश की सोबतिणीशी बोलता आलं पाहिजे, एक दिवस टेकडीवर चढाचे रिपीट, एक दिवस वीसेक मिनिटं टेम्पो, म्हणजे दम लागेल पण टिकेल अशा वेगात, एक दिवस पूर्ण आराम. पहिल्या वर्षी मी आठवड्याला ३५-४० किलोमीटरच्या वर कोणाला जाऊ देत नाही. एप्रिल-मे मध्ये साडेचारला उठून सहाच्या आत संपवायचं, नंतर आपल्याकडचं ऊन माणसाला उभं राहू देत नाही. अंधारात एकटी नाही पाठवायची, तुम्ही सायकल घेऊन मागं राहा, आईची अर्धी भीती तिथंच जाते.

अडथळे पाच-सहा महिन्यांनी. दोन विटांच्या थप्प्या आणि वर नुसता ठेवलेला बांबू, दीड फूट उंच, पाय लागला तर पडला पाहिजे. दोन्ही पायांनी आघाडी घेता आली पाहिजे, कारण शर्यतीत घोळक्यात कोणता पाय पुढं येईल ते आपल्या हातात नसतं. बॅरियर आला की पोरी आपोआप पावलं आखडतात, ते मोडायला वेळ लागतो, शेवटचे दहा मीटर उलट थोडा वेग वाढवायचा असतो.

मग पक्का बॅरियर. आमच्या मैदानावर लांब उडीच्या खड्ड्याआधी दोन मेढी खोल गाडल्या आणि त्यावर निलगिरीचं लाकूड सुताराकडून चौकोनी करून ठोकलं. सुताराला सेंटिमीटर सांगू नका, तीस इंच उंच आणि पाच इंच जाड एवढं सांगा, तंतोतंत आंतरराष्ट्रीय माप आहे. पोरीनं धावत यायचं, एक पाय लाकडावर, तळव्याचा पुढचा भाग पुढच्या कडेवर, गुडघा वाकलेला, अंग खाली, वर उडायचं नाही तर पुढं ढकलायचं आणि वाळूत एका पायावर उतरून लगेच पळत सुटायचं. वॉटर जंपचा खड्डा ३.६६ मीटर लांब असतो, बॅरियरजवळ खोल आणि पुढं उथळ होत जातो, म्हणजे जेवढं लांब पडाल तेवढं पाणी कमी. वाळूवर हे शंभरदा झालं की पाण्याची भीती राहत नाही. नाल्यात मात्र प्रॅक्टिस नको, तळाला दगड कुठं आहे दिसत नाही.

मी खरा वॉटर जंप पहिल्यांदा पाहिला तो थेट शर्यतीच्या दिवशी, आमच्या विद्यापीठात तो नव्हताच. सरळ वरून उडी मारली, बॅरियरच्या पायथ्याशी कंबरेपर्यंत भिजली, बूट पाण्यानं जड, उरलेले सहा जंप तसेच. तुमच्या बहिणीला स्पर्धेच्या आधी दोन-तीन वेळा तरी नागपूरला मानकापूरच्या सिंथेटिक ट्रॅकवर घेऊन जा, तिथल्या कोचशी आधी फोनवर बोलून घ्या. मोठ्यांचंही चुकतं, चेपकोएच २०१७ च्या लंडन वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये वॉटर जंपकडे वळायचंच विसरली, मागं फिरून आली आणि तरी चौथी आली. पुढच्याच वर्षी तिचा विश्वविक्रम.

जिल्हा अ‍ॅथलेटिक्स संघटनेत नोंदणी करा, जन्माचा दाखला खरा ठेवा. सुरुवातीला साधी १५०० आणि ३००० धावू द्या. उंचावरचे कॅम्प, उटी किंवा पारुल आणि आपल्या महाराष्ट्राचा स्टीपलचेस धावपटू अविनाश साबळे गेले होते तसं अमेरिकेतलं कोलोरॅडो स्प्रिंग्ज, ते राष्ट्रीय कॅम्पमध्ये निवड झाल्यावरचं आहे, आत्ता त्यासाठी कर्ज काढू नका. आणि कोणी जिममधली पावडर किंवा इंजेक्शन दिलं तर हात लावू देऊ नका, डोपिंगमध्ये सापडली तर नकळत घेतलं म्हणून सुटका होत नाही.

आईला सांगा की दोन वर्षं द्या. रक्ताचा रिपोर्ट आला की तो आणि तिचा सपाट ३००० चा टाइम मला इथं मेसेज करा. दिवाळीनंतर जमीन वाळली की तिला घेऊन एका रविवारी आमच्याकडे या, सकाळी सहाला पोरी मैदानावर असतात, वाळू मी आदल्या दिवशी भुसभुशीत करून ठेवते.