मूल गेल्यानंतर घरात पुन्हा केक करावा का? आणि आपल्यासारखी माणसं कुठे भेटतात?

ताई, तुम्ही लिहिलंय की लेक जाऊन सात महिने झाले, ओव्हन तेव्हापासून चादरीखाली आहे आणि पुढच्या महिन्यात धाकट्याचा वाढदिवस आहे. केक घरी करू की विकत आणू, हा तुमचा पहिला प्रश्न. त्याला तारीख आहे, म्हणून तो आधी घेते.

यंदा विकत आणा.

आमचा लहान गेल्यावर पहिल्या वर्षी मी हट्टाने केला होता, थोरल्या लेकीसाठी. दह्याचा, बिनअंड्याचा. दह्यात सोडा घातला की ते फसफसून वर येतं ना, ते बघायला आमचा लहान ओट्यावर चढून बसायचा. त्या दिवशी दही फसफसलं आणि मी भांड्याकडे बघत तशीच उभी राहिले. किती वेळ, कोण जाणे. सोड्याचा जोर असतो तो दोन-चार मिनिटांचा. तेवढ्यात मैदा मिसळून भांडं आत गेलं नाही तर हवा निघून जाते. केक विटेसारखा झाला. लेकीने एक अक्षर न बोलता दोन तुकडे खाल्ले आणि "मस्त झालाय" म्हणाली. बारा वर्षांच्या पोरीने माझी समजूत काढावी, याची मला फार लाज वाटली. तेव्हा तुमच्या धाकट्यालाच विचारा, कसला हवा. कदाचित त्याला दुकानातला, वर गाडी काढलेलाच हवा असेल. आपण मात्र भलतेच अर्थ काढत बसतो.

आता माणसांबद्दल. हे जरा लांबेल.

आमच्या मुलाला सातव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर निघाला. सांगलीहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास, सकाळी दादर, तिथून परळचा कॅन्सरचा दवाखाना. अशा किती फेऱ्या झाल्या ते मोजलं नाही. पुढे तिकडेच एका संस्थेत खोली मिळाली, स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून. किमोमुळे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, पडले की संसर्ग नको म्हणून डॉक्टर बाहेरचं सगळं बंद करायचे. बेकरी बंद, क्रीम बंद, कापून ठेवलेलं फळसुद्धा बंद. आणि नेमक्या त्याच दिवसांत स्टिरॉईड चालू असले की पोरांना राक्षसासारखी भूक लागते. रात्री दोनला उठून हा मला म्हणायचा, "आई, केक."

तिथे ओव्हन कुठला! कुकरची रिंग आणि शिट्टी काढली, तळाला जाड मीठ पसरलं, त्यावर ताटली ठेवून आत डबा ठेवला. रव्याचा केक, मंद आचेवर पाऊण तास. वेलदोड्याचा वास जिन्यापर्यंत गेला तशा बाकीच्या आया एकेक करून आत आल्या. कुणी बीडची, कुणी जळगावची, एक तर बिहारची, तिचं-माझं निम्मं बोलणं हातवाऱ्यांनी चालायचं. केकचे तुकडे करण्याआधी प्रत्येकीने आपल्या पोराचा त्या दिवसाचा काउंट सांगितला. मग कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही, ते ठरलं. असा वाढदिवस मी आयुष्यात पाहिला नाही. खरं तर त्या दिवशी कुणाचाच वाढदिवस नव्हता.

या पालकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता. 'बी पॉझिटिव्ह प्लेटलेट हवेत, आजच', असे निरोप दिवसभर. आणि मधूनच एक ओळ यायची, की अमुक ग्रुपमधून बाहेर पडले. तिच्याखाली कुणी काही लिहायचं नाही. सगळ्यांना कळलेलं असायचं. ज्यांची मुलं अजून वॉर्डात आहेत त्यांना आपलं तोंड दिसू नये, म्हणून माणसं आपणहून निघून जायची. दोन वर्षांनी मीही तशीच निघाले.

गावी परत आले तर बोलायला कुणी नाही. म्हणजे माणसं खूप होती. "एक आहे ना अजून, तिच्याकडे बघ." "देवाला चांगली माणसं लवकर लागतात." माझ्या समोर कुणी त्याचं नाव घेत नसे. चुकून निघालंच तर चहाचा विषय काढत. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पण मला घुसमटल्यासारखं व्हायचं.

तीन-साडेतीन महिन्यांनी त्या बीडच्या बाईचा फोन आला. तिचा मुलगा माझ्या मुलाच्या आधी गेला होता, म्हणजे तीही 'बाहेर पडलेली'. हालहवाल काही विचारलं नाही. एकदम म्हणाली, "तुमचा पोरगा मिठाच्या कुकरवर हात शेकायचा, आठवतं का?" मी स्वयंपाकघरातच खाली बसले. माझ्या मुलाला 'बिचारा' न म्हणता नुसता खोडकर म्हणून ओळखणारं कुणी तरी अजून होतं.

तिथून सुरू झालं. आता आम्ही सहा जणी आहोत. महिन्यातल्या एका रविवारी फोनवर जमतो, वर्षातून एकदा पंढरपुरात भेटतो, कारण ते सगळ्यांना जमतं. आमच्यात रडणं कमी, पोरांच्या कागाळ्याच जास्त.

तेव्हा तुम्हाला माझं सांगणं इतकंच: सांत्वन करणारी माणसं शोधू नका, तुमच्या लेकीला पाहिलेली शोधा. तिच्या वर्गातल्या मैत्रिणीची आई, रिक्षावाले काका, दवाखान्यातली शेजारच्या खाटेवरची बाई. पहिला फोन बहुधा तुम्हालाच करावा लागेल. समोरची माणसं घाबरलेली असतात, आपण रडू म्हणून.

याला जुना दाखलाही आहे. १९६८ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत एकाच रुग्णालयात थोड्या दिवसांच्या अंतराने दोन मुलं गेली. सायमन स्टीव्हन्स नावाच्या तिथल्या तरुण पाद्र्याच्या लक्षात आलं, की त्या दोन घरांना एकमेकांशी बोलून जो आधार मिळतो तो आपल्याला देता येत नाही. पुढच्याच वर्षी त्यातून 'कम्पॅशनेट फ्रेंड्स' ही मूल गेलेल्या आई-वडिलांची संघटना उभी राहिली. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी सातला जगभर अशी घरं मेणबत्ती लावतात. आम्ही सहा जणी निरांजन लावतो.

यजमानांचं वेगळं झालं, तेही सांगते, कारण तुम्ही लिहिलंय की ते बोलतच नाहीत. आमचेही बोलत नसत. एक दिवस उठून मिरजेला रक्तपेढीत गेले आणि प्लेटलेट देऊन आले. प्लेटलेट पाच दिवसांच्या पुढे टिकत नाहीत, त्यामुळे देणारा सारखा लागतो. आणि दोन दानांत निदान ४८ तासांचं अंतर ठेवून वर्षातून २४ वेळा देता येतात. आता तिथल्या खुर्चीत तास-दीड तास बसून शेजारच्या दात्याशी काय काय बोलतात, कोण जाणे. घरी येतात ते हलके होऊन. मी विचारत नाही.

आणि रात्र फारच अंगावर आली तर १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आधारासाठीचा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीतून बोलतात. मी दोनदा लावलाय.

आता परत ओव्हनकडे. चादर काढायची घाई नको. माझी सुरुवात घरात झालीच नाही. आमच्याकडे दिवाळीआधी नानकटाईचं पीठ मळून बेकरीच्या भट्टीवर न्यायची पद्धत आहे. एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, मूठभर बेसन. तूप इतकं फेसायचं की थेंब पाण्यात टाकला तर तरंगला पाहिजे. मग बायकांची रांग, हातात पातेली, आणि भाजून झालं की डब्यावर नावाची चिठ्ठी. आमच्या डब्यावर चौथ्या वर्षापासून लहानाचंच नाव असायचं. त्याचा हट्ट तसा होता.

तो गेल्यावरची पहिली दिवाळी मी गेले नाही. दुसऱ्या वर्षी जाऊबाईंनी जवळजवळ ओढतच नेलं. माझा नंबर आला. भट्टीवाल्या चाचांनी पेन्सिल कानावरून काढली, माझ्याकडे न बघता नाव लिहिलं आणि चिठ्ठी डब्याला चिकटवली. त्याचंच नाव. त्यांना माहीत होतं की नव्हतं, हे मी अजून विचारलेलं नाही. मागच्या बाईने ती चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, "हाच ना तो, गरम गरम खाऊन जीभ भाजून घ्यायचा?" मी म्हटलं, "हाच."

चिठ्ठी तुपाच्या हातांनी पार पारदर्शक झालीय. काढलेली नाही. त्या डब्यात हल्ली रवा असतो.