हा डेटा कुणाचा, ते पहिल्या पानावर लिही

तुझ्या रिपोर्टचा ड्राफ्ट वाचला, आणि साहेबांचा 'जरा दमदार करा' हा निरोपही. डेटा चांगला आहे म्हणूनच चिडलोय. शीर्षक दिलंयस 'मध्य भारताची मालवाहतूक' आणि आत फक्त तुमच्या ॲपवर बुक झालेल्या गाड्या, म्हणजे मुख्यतः इंदूरजवळच्या पीथमपूरचे कारखाने. ऑक्टोबरात इंदूरच्या मंडीतून सोयाबीन भरून निघणारे ट्रक कुठायत? ते दलालाच्या फोनवर ठरतात, तुमच्या सर्व्हरला त्यांचा पत्ताच नाही. मग मध्य भारत कसला गं?

डेटा कुणाचा आणि कुणाचा नाही, हे पहिल्या पानावर लिही. शेवटी बारीक अक्षरात नाही, पहिल्या पानावर.

आकडा मोठा आहे म्हणून सुटका नाही. १९३६ साली अमेरिकेत लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे २४ लाख लोकांची मतं गोळा करून अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन जिंकणार असं छापलं, आणि रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. ज्यांना मत विचारलं त्यांच्या याद्या बऱ्याचशा टेलिफोन आणि मोटारवाल्यांच्या होत्या, बाकीचे लोक त्यात नव्हतेच.

तुझ्याकडची खरी किमती गोष्ट तू मागच्या पानांत टाकलीयस. गाडी गेटवर लागली ती वेळ आणि लोड होऊन सुटली ती वेळ. भाडं काय, ट्रान्सपोर्ट नगरात कुणीही सांगेल, पण हॉल्टिंगच्या, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याच्या पैशांच्या, भांडणात दोन्ही बाजू अंदाजानं बोलतात आणि जीपीएसची वेळ तुमच्याकडे आहे. रिपोर्ट त्याच्यावर कर. सरासरी नको, तीन दिवस अडकलेली एक गाडी सगळी सरासरी ओढून नेते, वेळा क्रमानं लावून मधला आकडा दे. आणि ज्या गटात दोन-तीनच कारखाने आहेत तो दुसऱ्यात मिसळ, नाव नसलं तरी पीथमपुरात सगळे ओळखतात.

मला लोक हट्टी म्हणायचे. एका कंपनीत मार्केटिंगला डेटा कुणाचा ते सांगणारं हेच पान नको होतं, म्हणे ग्राहकाला शंका येते. मी काढू दिलं नाही, तर रिपोर्टच दुसऱ्याकडे गेला, प्रमोशनही राहिलं. टीम चांगली होती, ती सुटली याचं अजून वाईट वाटतं. पण पान धरून ठेवलं ते बरोबरच होतं. शंका येऊ दे ना! वाचणारा त्याच धंद्यातला असतो, तो आधी हेच बघतो की आपल्यासारखे यात आहेत का.

साहेब ऐकत नसतील तर मला फोन लाव, मी बोलतो त्यांच्याशी. तोवर गेटच्या वेळांची एक्सेल पाठव, चार्ट-बिर्ट न लावता. आणि ज्या गाड्यांची सुटायची वेळ कोरी आहे त्या गाळू नकोस, त्या किती आणि कुठल्या गेटच्या तेही पहिल्या पानावर जाणार आहे.