फोन हरवला तर?

प्रश्न : बँक, गॅस, पीकविमा, सगळं एकाच फोनवर आहे. उद्या मोंढ्यात तो हरवला तर काय करावं? (एक वाचक, जिंतूर, जि. परभणी)

उत्तर : आजच *#०६# दाबून दिसणारे आयएमईआय क्रमांक (हँडसेटची ओळख सांगणारे आकडे) वहीत उतरवा. फोन गेला की लगेच सिम बंद करा, बँकेला कळवून यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. पोलीस तक्रारीची प्रत जोडली की सरकारच्या सीईआयआर या हरवलेल्या फोनसाठीच्या पोर्टलवर हँडसेट ब्लॉक करता येतो.

खरी अडचण पुढेच आहे. त्याच नंबरचं नवं सिम सुरू झालं तरी २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणजे ओटीपी येत नाही. तेवढ्या वेळेसाठी रोकड आणि एटीएम कार्ड घरात हवंच. एरवी बटणाच्या फोनवरूनही *९९# हा बँकेच्या व्यवहारांचा नंबर लावून, इंटरनेटविना, एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत पाठवता येतात. मात्र प्रत्येक सिमवर ते चालत नाही. आधी करून बघा.